अंगारकीची खिचडी

मंगळवारी संकष्टी आली की टिटवाळ्याच्या लोकल पहाटेपासूनच भरून येतात. महागणपतीच्या दर्शनाची लांबलचक रांग, वर ऊन आणि पोटात साबुदाण्याची खिचडी.

साबुदाणा हे धान्य नाही, म्हणून तर उपासाला चालतो! मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या कसावा या कंदाचा हा स्टार्च. आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी असतात, पण प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. या स्टार्चचं झपाट्यानं ग्लुकोज होतं, रक्तातली साखर चढते, इन्सुलिन ती उतरवतं आणि रांग अर्धी सरण्याआधीच पुन्हा भूक लागते.

खिचडीची लाज राखतं ते दाण्याचं कूट. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं. शिवाय त्यातल्या तेलामुळे जठर सावकाश रिकामं होतं. त्यामुळे कुटात हात आखडणारी खिचडी मला तरी मान्य नाही. सोबत वाटीभर दही घ्यावं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र चंद्रोदयापर्यंतचा उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि रांगेत घाम फुटून हात थरथरू लागले तर लगेच साखर तोंडात टाकावी.