शोकेसमधले 'एम्परर अशोक'

विमानांच्या प्रतिकृती जमविणारे शौकीन जगभर आहेत. आम्ही मात्र एकाच विमानाविषयी लिहितो आहोत. एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, बोइंग ७४७. ते १९७१ साली आले आणि सम्राट अशोकाचे नाव त्याला दिले गेले. खिडक्यांभोवती झरोक्यांसारख्या लाल कमानी रंगविल्या होत्या. प्रतिकृती पारखताना जाणकार याच कमानी आधी पाहतात.

मूळ विमान सुमारे ७० मीटर लांब. दोनशेपट लहान केले की ३५ सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीहून थोडे अधिक.

हे विमान आज नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले हे विमान काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमान कलले आहे की सरळ आहे, हे दाखविणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसेना. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून कॅप्टनने ते डावीकडे वळवीत नेले. प्रतिकृती हातात धरून डावीकडे कलवा, मुलांना चटकन कळेल.

ओतीव धातूची प्रतिकृती आपल्या खिशाला महागच. पण पुठ्ठा, कात्री आणि खळ तर घरात असते! पंखांचा पसारा ३० सेंटीमीटर धरा. आणि मागच्या बाजूला 'व्हीटी-ईबीडी' ही अक्षरे तेवढी घाला. तो त्याच विमानाचा नोंदणी क्रमांक.