झाडांच्या जाळीतली दोन माणसे

शाळेत चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र' म्हटले की दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी आणि दोन झाडे काढायची असा दंडक होता. मी एकदा झाडाखाली सरपण गोळा करणारी आई काढली. मास्तरांनी ती खोडायला लावली. निसर्गचित्रात माणूस नको, म्हणाले. त्यामुळे निसर्गचित्र या शब्दाचाच मला बरीच वर्षे राग होता.

हा राग निवळला तो कामीय पिसारोच्या एका चित्राची छापील प्रत पाहून. त्याच्या नावाचे मराठी 'बैलांची चढण' असे करता येईल. मूळ चित्र 1877 सालचे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पॅरिसजवळच्या पोंत्वाझ गावातली ती जागा. उंच, सडपातळ झाडांचे बुंधे जवळजवळ उभे. त्यांच्या फटींतून मागची घरे, छपरे आणि आकाश दिसते. नजर आत शिरायला बघते आणि फांद्यांत अडकते. बऱ्याच वेळाने डावीकडे, खाली, पायवाटेवर दोन माणसे सापडतात. त्यांची तोंडे आपल्याकडे आहेत. म्हणजे आपण त्यांना शोधण्याआधीच ती आपल्याला पाहत होती!

माणसे अशी लपतात, याचे कारण रंग लावण्याच्या पद्धतीत आहे. दृक्प्रत्ययवादी चित्रकार बंद खोलीतला तपकिरी उजेड सोडून उघड्यावर आले. 1841 साली निघालेल्या रंगाच्या धातूच्या नळ्यांमुळे ते सोपे झाले होते. सावली काळी न रंगवता ते निळी-जांभळी रंगवू लागले. रंग घोटून गुळगुळीत न करता सुटे फटकारे शेजारीशेजारी ठेवू लागले. पिसारोने इथे जो जाड फटकारा फांदीला दिला, तोच भिंतीला आणि तोच माणसाला. कोणालाही वेगळी झळाळी नाही.

आपले काही मित्र म्हणतील, ही बूर्झ्वा कला. कष्टकऱ्याला झुडपात दडवणारी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या मास्तरांच्या खोडरबराची आठवण मलाही आहेच. पण खोडणे आणि दिसेनासे होईपर्यंत मिसळणे यांत फरक आहे. पिसारो काही भोळा निसर्गवेडा नव्हता. 1830 साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर, ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुढे अराज्यवादी विचारांकडे वळला. 1889 च्या सुमारास त्याने पॅरिसमधल्या दारिद्र्याची आणि पैशाच्या सत्तेची रेखाचित्रे काढून त्यांचा संग्रहच बांधला. त्याच्या गटाची 1874 ते 1886 या काळात आठ प्रदर्शने झाली. आठहीमध्ये भाग घेणारा तो एकटा.

ही प्रत मी वर्गात फिरवली. मुले झाडे मोजत बसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीला ती दोघे दिसली. तिने विचारले, "सर, हे लाकडं न्यायला आलेत का?"

चित्र ते सांगत नाही. मी तिला तसेच सांगितले.