गटाची प्रतवारी

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एका गावी महिला बचतगटाची प्रतवारी चालली असता ती जवळून पाहण्याचा योग आला. समाजमंदिराच्या ओसरीवर सतरंजी अंथरून ठरावपुस्तक, रोखवही, बचत-कर्जाची नोंदवही, सभासदांची पासबुके असे गटाचे सारे दप्तर तपासणीस आलेल्या ताईंपुढे मांडले होते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, मुदतीत परतफेड आणि अद्ययावत लेखे या पंचसूत्रीनुसार गुण द्यायचे, गुणांवरून श्रेणी ठरायची आणि श्रेणी पाहून बँकेने कर्ज द्यायचे, असा हा क्रम. नाबार्डने 1992 साली बचतगट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, तेव्हा जिच्यापाशी तारण ठेवण्याजोगे काही नाही तिची शिस्त हेच तारण मानले गेले. तो विचार मला आजही थोर वाटतो.

नोंदवहीतील रकान्यांवरून उतरणारे ताईंचे बोट ऑगस्टशी थांबले. एका सभासदाचा हप्ता कोरा, पुढलाही कोरा, आणि नोव्हेंबरात सगळी बाकी एकरकमी जमा. “सोयाबीन निघालं का भरतो म्हटलं होतं जी ताई, भरलं ना,” ती बाई म्हणाली. तशी मुदत दिल्याचा, सर्वांच्या सह्या-अंगठ्यांचा ठरावही दप्तरात होता. तरी परतफेडीचे गुण कापले गेले. शेजारच्या खात्यात मात्र एकही खंड नव्हता. पेरणीच्या दिवसांत हप्त्याचा पैसा कुठून आणला, असे मी विचारता उत्तर आले, “सावकाराकडून.” तिथे गुण पूर्ण पडले होते.

ज्या कोरडवाहू वऱ्हाडात आषाढातला पैसा बियाण्या-खतांत जातो आणि सोयाबीन, कापूस, तूर अशा क्रमाने दिवाळीच्या सुमारास परतू लागतो, तेथे शिस्त पगारदाराच्या महिन्याने मोजली, तर सभासदाला सावकाराच्या दारी जाऊ न देणे हे गटाचे खरे कार्यच उणे बाजूस पडते. नुसत्या अखंड वसुलीवर तर विसंबताच येत नाही. आंध्र प्रदेशात 2010 पर्यंत सूक्ष्मवित्त कंपन्यांची वसुली जवळजवळ पूर्ण दिसत होती. परंतु अनेक कर्जदार एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फेडत होते, आणि आत्महत्यांच्या वार्तांनंतर त्या ऑक्टोबरात सरकारने वटहुकूम काढताच ती वसुली कोसळली. म्हणून गटाने ठरावाने दिलेली मुदत थकबाकीत धरू नये, आणि हप्ता कशातून भरला हे विचारणारा एक रकाना प्रतवारीच्या तक्त्यात असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.