स्टेपनी आहे, पण निघते का?

तळवलीतून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलात आणि रात्री टायर बसला, तर बाजूने ट्रक धावत असताना स्टेपनी पटकन हाताला लागेल?

बऱ्याच सीएनजी गाड्यांत ती सिलिंडरखाली अडकते. म्हणून एकदा बिल्डिंगखालीच काढून बघा. जॅक-पाना आहे ना? नट सुटतात ना? सामान भरताना हे सगळं वरच ठेवा.

स्टेपनी नुसती पडून असली तरी हवा कमी होते. महिन्याला चार चाकांसोबत पाचव्याचीही तपासा. काही स्टेपन्या बारीक असतात. त्यांच्यावर ताशी ८०चीच मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळालंय? टायर कडेला फाटला तर ते चालत नाही. मग टोइंगचा नंबर आजच सेव्ह करा.