पत्ता पेठेचा, अट राज्याची

निराधार पगाराचा विषय निघाला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘स्वतःचं घर नाही, भाड्यानं राहतो, आम्हाला कोण देणार?’ चूक. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टीपुढच्यांसाठी असलेली श्रावणबाळ योजना, दोन्हींत घराच्या मालकीची अट नाही. अट आहे ती महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्याची. म्हणजे दहा वर्षं अक्कलकोटला आणि पाच वर्षं सोलापुरात काढलेल्या माणसाची 15 वर्षं भरतात. पेठ किंवा शहर बदललं म्हणून हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. अर्ज मात्र सध्या राहता त्या भागाच्या तहसीलकडे करायचा.

‘आधारवर सोलापूरचा पत्ता आहे, मग झालं की!’ हाही असाच समज. आधारवरचा पत्ता गेल्या महिन्यातही बदललेला असू शकतो. तुम्ही इथे किती वर्षं आहात हे त्यातून कळत नाही. मग पुरावा कोणता चालतो? लाडकी बहीण योजनेचे अर्ज 2024 मध्ये भरले गेले, तेव्हा डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला, नसेल तर 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी एक कागद चालत होता. खरी मेख इथेच आहे. वर्षं माणूस जगतो, मोजली जातात ती कागदाची. दर दोन-तीन वर्षांनी खोली बदलणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या विडी कामगार बाईनं 15 वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? अमेरिकेत काही राज्यांनी मदतीसाठी एक वर्ष वास्तव्याची अट घातली होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे पंधरा वर्षांवर फारसं कुणी बोलतही नाही.

सोलापुरात आणखी एक भीती असते, ती भाषेची. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आडनाव तिकडचं, म्हणून नाव कापलं जाईल अशी. वास्तव्याच्या अटीत मातृभाषेचा काही संबंध नाही. आणि विजयपूर किंवा कलबुर्गीहून लग्न करून आलेल्या सुनेचं काय? लाडकी बहीण योजनेत त्याची सोय होती. नवरा महाराष्ट्राचा अधिवासी असेल, तर त्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा डोमिसाईल तिच्यासाठी धरलं जात होतं. माहेरच्या कागदांसाठी एसटीनं खेपा घालायची गरज नव्हती.

वास्तव्याची अट भरली म्हणजे काम झालं, असंही नाही. संजय गांधी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. रोज मजुरी करणाऱ्या घरात ती कशी पाळली जाते, हे दाखले देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक आहे.

रेशनचं मात्र उलट आहे. कार्ड कर्नाटकातलं असो वा तेलंगणातलं, अन्नसुरक्षा यादीत नाव आणि आधार जोडलेलं असलं की ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे इथल्या दुकानात ई-पॉसवर अंगठा लावून केंद्राचं धान्य मिळतं. वास्तव्याची वर्षं कुणी विचारत नाही. दुकानदार ‘हे कार्ड इथलं नाही’ म्हणाला, तर अन्नधान्य वितरण कार्यालयात तक्रार करता येते.