कॅन्सरच्या नोंदीत आपली वस्ती दिसू द्या

शहरातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवण्याचे काम देशात प्रथम १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केले. १९८७ पासून बार्शीच्या खेड्यांतही ते चालते. कर्मचारी रुग्णालय, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यू नोंदणीचे कागद जुळवतात. आजाराचे संकेतांक जगभर एकच. ते सुधारले की सगळ्यांना नव्याने शिकावे लागते. पण पत्ताच चुकला तर? उपचाराला आलेल्याने नातेवाइकांचा मुंबईचा पत्ता दिला, की गावाचा आकडा घटतो. म्हणून आम्ही परिचारिका सांगतो : केसपेपरवर पूर्ण नाव, वय, वस्तीचे नाव आणि तिथे किती वर्षे राहता, हे नीट लिहून घ्या. आपण मोजलेच गेलो नाही, तर तपासणी शिबिर आपल्या दारी कशाला येईल?