दंगलीचे मूळ आणि उपाय

दंगल ठिणगीने पेटते असे आपण म्हणतो. पण कोरडे गवत आधीच साचलेले असते, तिकडे आपले लक्ष नसते. यंत्रमागांची भिवंडी १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटली आणि १९८४ साली पुन्हा होरपळली. एकाच गावात राबणारी माणसे एकमेकांस परकी असली, म्हणजे अफवा लवकर खरी वाटते. १९८८ साली पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली. किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. पुढे १९९२-९३ साली जवळची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. आम्हांस वाटते, बंदोबस्ताने दंगल आवरते, पण टळते ती ओळखीनेच. आणि ओळख शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी लागते.